मांडवात कोण हसलं

आंजीच्या आठवडी बाजारात सरिताबाईचं दुकान शोधायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात. मेथीच्या जुड्या तिनं अशा रचलेल्या, की एकीच्या खांद्यावर दुसरीनं मान टाकावी. मधोमध वांगी, नुकती न्हाऊन आल्यासारखी. आणि त्या हिरव्या पसाऱ्यामागं बसलेली बाई गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी ओवी सांगणार.

मेथी माही कवळी, सांबार तिचा भाऊ,
बहिणीले नेता पिशवीत, भावाले कुठं ठेवू?

गिऱ्हाईक हसतं आणि मेथीसोबत सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडीही घेऊन जातं. शेजारी बसणारा कवडू कपाळावर हात मारतो. "सरिताबाई, तुमी गाऊन इकता, मी वरडून इकतो, मंग माही कोबीच काऊन उरते?"

"तुह्या कोबीले चाल नाई ना, बाप्पा!"

ओव्या तिला आईकडून आल्या, आईला जात्याकडून. जातं गेलं, मिक्सर आला, ओवी तेवढी मागं राहिली. आणि सरिताबाईनं ती बाजारात आणली तशी चर्चमध्येही नेली. गावाच्या कडेला पत्र्याचं चर्च, बारा घरांची मंडळी. पण या बारा घरांची एक रीत अशी, की आजूबाजूच्या गावांतून लोक ती पाहायला येत. हंगामाच्या सणाला पहिलं पीक वेदीपुढं मांडायचं, भोपळे, तुरीच्या शेंगा, कापसाची बोंडं. उपासना झाली की त्याचा लिलाव. आणि लिलावाच्या आधी बायकांनी पाळकाला ओवीत घ्यायचं, मान म्हणून त्याची गोड थट्टा करायची. नवा पाळक आला की पहिल्याच सणाला त्याची परीक्षा. लाजत, लाल होत का होईना जो हसला, तो गावचा झाला. एकदा एक पाळक रुसले होते. ते होते तोवर त्यांना कोणी घरचं लोणचं दिलं नाही.

आताचे पाळक प्रभाकरराव. भला माणूस, पण बोलायला लागला की घड्याळ झोपी जायचं. त्यांच्या पहिल्या सणाला सरिताबाईनं म्हटलं होतं:

पाळक आमचे गुणाचे, प्रवचन त्यायचं लांब,
घरी दूध उतू चाललं, देवा, घडीभर थांब!

सगळं चर्च खदखदलं होतं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले होते. आणि सरिताबाईचा नवरा शांतवन, एसटीचा ड्रायव्हर, कमिटीशी भांडून एरवी चर्चची पायरी न चढणारा, त्या दिवशी लिलावासाठी म्हणून मागच्या बाकावर येऊन बसला होता. तो इतका हसला, की बाकासकट उलटा पडला. त्याच्यानंतर पहिला आवाज प्रेरणाचा, त्याच्या लेकीचा. बापलेकीचं हसू एकाच विहिरीचं पाणी.

शांतवन गेला त्याला दीड वर्ष झालं. डेपोत, ड्यूटी संपवून बाकड्यावर बसला, तो बसलाच.

प्रेरणा तेव्हापासून वर्ध्याला लॅबच्या कोर्सला होती. खोली करून राहायची. जोडीला मोनाली नावाची मुलगी. आधी फोन यायचा तो भांडतच. "आई, फोन काऊन उचलून नाई राह्यली व? मेथीत बुडाली काय?" मग हळूहळू ते भांडण गेलं. "आई, तू कशी आहेस? मी प्रार्थनेत आहे." सरिताबाईला आधी बरं वाटलं. मग एकदा मोनालीनं फोन उचलला. "काकू, तुम्ही कशा आहात? आम्ही प्रार्थनेत आहोत." तोच सूर, तीच थांबायची जागा. एका साच्यातून काढलेले दोन पेढे. सरिताबाईनं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ हातातल्या वांग्याकडं बघत राहिली.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी प्रेरणा घरी आली. अंगात बिनरंगाचे, कोऱ्या कापडाचे कपडे. गळ्यातली चेन नाही, कानातलं नाही. ताट वाढलं तर आधी डोळे मिटून ओठांशी काही पुटपुटली, मग दोन घास खाऊन म्हणाली, "आई, रविवारी माझी नाव-सोडणी आहे."

"म्हंजे?"

"जुनं नाव, जुनं घर सोडायचं. मग हिंगणीच्या शिबिरातच राहायचं. दूतभाऊ नवं नाव देतात. जुन्या घरातलं एक माणूस लागतं. त्यानं माझा हात सोडायचा आणि तीनदा म्हणायचं, ही माझी नाही."

सरिताबाईच्या हातातली पळी वरणातच राहिली. "अन् कोर्स?"

"शेवटच्या दिवसांत परीक्षा कोण घेणार, आई?"

"शेवटचा दिवस कधी हाये?"

"ते भाऊंना माहीत आहे."

"मंग सोमवारी मेथी तोडू का नको, तेवढं त्यायले इचारून सांग."

आधीची प्रेरणा असती तर घास तोंडातून उडाला असता. ही प्रेरणा आईकडं दयेनं बघत राहिली.

दूतभाऊ कोण, हे तिनंच मग समजावून सांगितलं. शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, शेवटी सात मेघगर्जना होतात. त्या काय बोलल्या, ते लिहू नको असं ते पुस्तक लिहिणाऱ्या योहानाला सांगितलं गेलं. ते न लिहिलेलं दूतभाऊंना ऐकू आलं होतं, आणि त्यांनी ते एका वहीत उतरवून घेतलं होतं. वही फक्त तेच वाचत.

"देवानं ज्याले लिवू नको म्हनलं त्यानं नाई लिवलं," सरिताबाई म्हणाली. "मंग याले लिव म्हनून कोनी सांगतलं?"

"आई, तू थट्टा करशील हे मला माहीत होतं. भाऊंनी सांगितलंच होतं." प्रेरणानं ताट बाजूला सारलं. "मला एक सांग. पप्पा कुठं आहेत?"

सरिताबाईनं वरणातली पळी काढून खाली ठेवली.

"ते चर्चला येत नव्हते. प्रार्थना न करता गेले. मी सगळ्यांना विचारलं, पप्पा कुठं आहेत. सगळे म्हणाले, देवाची इच्छा, धीर धर, चहा घे. एकानंही उत्तर दिलं नाही. दूतभाऊंनी दिलं. पप्पा अजून वाटेत आहेत. मी चाळीस दिवस उपासानं प्रार्थना केली आणि नाव सोडलं, की त्यांना विसावा मिळेल. उद्या सकाळी मी पुढं जाते. रविवारी तू ये."

भांडायला शब्द पुष्कळ होते सरिताबाईकडं. पण या एका बोलण्यापुढं सगळे शब्द भिजलेल्या काडेपेटीसारखे झाले, एकही पेटेना.

शनिवारी दुपारी तिनं पाळकसाहेबांना बोलावलं. प्रभाकरराव स्कूटरवरून आले ते मोबाईलमध्ये एक यादी घेऊनच. खोटा पंथ कसा ओळखावा, लक्षणं नऊ.

"पहिलं लक्षण," त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सगळी सत्ता एकाच माणसाच्या हाती."

"ते तं आपले सेक्रेटरी."

पाळकसाहेब खोकले. "दुसरं. नव्या माणसावर प्रेमाचा वर्षाव करतात."

"मंग काय त्याले चटके द्याव?"

"तिसरं. आपणच तेवढे तरणार, बाकी सगळे बुडणार, असं म्हणतात."

"रुख्माबाई मले दर रविवारी हेच म्हनते. बाजूच्याच बाकावर बसते."

पाळकसाहेबांनी मोबाईल खिशात घातला. थोडं हसले, मग गंभीर झाले. "खरंय तुमचं. ही यादी थोडी थोडी सगळ्यांनाच लागते. आपल्यालाही लागते, म्हणून ती आधी स्वतःवर वाचावी."

"मंग तुमी खोटा कसा ओयखता?"

"मी मोठ्या माणसाकडं बघतच नाही, सरिताबाई. तो गोडच बोलणार. त्याच्याभोवतीच्या लहान माणसांकडं बघतो. ती मोकळी बसतात का, चुकतात का, प्रश्न विचारतात का. आणि बोटांवर मोजतो, येशूचं नाव किती वेळा आलं आणि त्या माणसाचं किती वेळा. येशू आणि लेकरू यांच्या मधे जो दार होऊन उभा राहतो आणि किल्ली आपल्या खिशात ठेवतो, त्याला मी भितो. मग तो कितीही शास्त्र बोलो."

"पोट्टी म्हनते, शांतवनले वाटेत अडकवून ठेवलं हाये म्हनून."

पाळकसाहेबांनी कपाळावरचा चष्मा उतरवला. "बाप कुठं आहे, हे तिनं मला विचारलं होतं. मातीच्या दिवशी. मी तिला चहा घे म्हणालो." मग म्हणाले, "मी येत नाही तुमच्यासोबत. मी आलो तर ती लढाई होईल. तुम्हीही भांडू नका. भांडलात तर म्हणतील, बघ, जग आपला छळ करतं. आणि पोरगी आणखी घट्ट होईल."

"एक शब्द भांडनाचा नाई. पन ते तीनदा म्हना लागते, त्याचं?"

"ते म्हणू नका."

"मंग काय म्हनू?"

"ते तुम्हाला सुचेल," पाळकसाहेब म्हणाले. आणि इतक्या लवकर त्यांनी बोलणं संपवल्याचं सरिताबाईला नवल वाटलं.

रविवारी कवडूनं आपला मालवाहू ऑटो काढला. सरिताबाई पुढं त्याच्या बाजूला. हिंगणीची वाट त्या दिवसांत बघावी अशी. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, शेतानं दात दाखवून हसावं तसा; तुरीला पिवळा फुलोरा; पुढं सागाची रानं, बोर धरणावरून येणारं गार वारं. पण सरिताबाईच्या ओठी काही येईना. कवडूला ती शांतता सोसवेना.

"सरिताबाई, आपन तिले सरळ उचलून ऑटोत टाकू. कोबीसारखी."

"कोबी परत चालत जात नाई ना, कवडू. पोरगी जाते."

शिबिराच्या फाटकावर कोऱ्या कपड्यांतला एक तरुण उभा, मागं दूतभाऊंची धुळीनं माखलेली पांढरी गाडी. त्यानं टोपली पुढं केली. मोबाईल टोपलीत टाकायचा. कवडूनं ऑटोतून मान बाहेर काढली. "भाऊ, जरा पानी पाज गा. घसा कोरडा झाला."

"बाहेरच्यांसाठी आतलं पाणी नाही," तरुण नम्रपणे म्हणाला. "ते वेगळं भरलेलं असतं."

"अबे, पान्यासाठी बी नाव सोडा लागते काय?"

तरुणाला हसू आलंच नाही. ते यायची जागाच त्याच्या चेहऱ्यावर लिंपून टाकलेली. सरिताबाईलाही कोणी पाणी विचारलं नाही. विदर्भात शत्रू दारी आला तरी आधी तांब्या पुढं येतो. तिनं ते मनात टिपून ठेवलं, पण राग केला नाही. शब्द दिला होता.

मांडवात दीडएकशे माणसं असतील. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, सगळी कोऱ्या कापडातली. गाणं चाललं होतं, आणि सुरेख चाललं होतं. एकाचाही सूर चुकत नव्हता. सरिताबाईला तेच खटकलं. आंजीच्या चर्चमध्ये रुख्माबाई नेहमी एक ओळ मागं असते आणि सगळी मंडळी तिच्यासाठी थांबते. इथं मागं राहणारं कोणी नव्हतं. आईच्या मांडीवरची लेकरंसुद्धा हातपाय न हालवता बसलेली. तिनं पदराखाली बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. उजव्या हातावर येशू, डाव्यावर भाऊ. प्रवचन संपेतो उजव्यावर चार पेरं झाली होती. डावा हात दोनदा भरून वाहून गेला होता.

आणि तरी खरं सांगायचं तर दूतभाऊ तिला वाईट दिसले नाहीत. चाळिशीचा माणूस, आवाज मऊ, डोळ्यांत पाणी तरळावं तसं बोलणारा. तिला पुढं बोलावलं तेव्हा त्यांनी हात जोडले. "वाटेत त्रास झाला नाही ना, आई?" सरिताबाईला वाटलं, कोण जाणे, आपलंच चुकत असेल. माणूस भला असेल. आपण उगाच जीव बारीक केला.

प्रेरणाला समोर उभं केलं. तिचा हात सरिताबाईच्या हातात दिला. हात थंड होता आणि नको तितका हलका. पहिल्या ओळीत मोनाली बसली होती, मान खाली.

माईक सरिताबाईच्या तोंडाशी आला. "म्हणा आई," दूतभाऊ म्हणाले. "ही माझी नाही."

सरिताबाईनं घसा साफ केला. "म्हनीन, भाऊ. जे म्हनाचं ते म्हनीन. पन आमच्या गावची रीत हाये. आधी पाहुन्याचा मान. तुमी तं सरगातून आलेले पाहुने."

"जरूर," दूतभाऊ हसले.

आणि सरिताबाईनं, मनात तिळाएवढंही कपट नसताना, त्यांचा मान केला. आंजीत जसा करतात तसाच.

दूतभाऊ आमचे पाहुणे, पांढरी त्यायची गाडी,
स्वर्गातून आले तरी धूळ हिंगणीची झाडी!

इथं ती थांबली. आंजीत इथं हशा येतो, म्हणून थांबायची सवय. मांडवात पान हललं नाही. तिला वाटलं, मागच्यांना ऐकू गेलं नसेल. म्हणून तिनं माईक जवळ ओढला आणि तीच ओवी पुन्हा, खणखणीत म्हटली. पुढची ओवी तिनं जुळवलेली नव्हती. ती घशाच्या कोरडेपणातून आपसूक वर आली.

सात मेघांची गर्जना भाऊच्या एका कानी,
दुसऱ्या कानानं ऐक रे, माय मागते पाणी!

तिच्या हातातला थंड हात एकदम थरथरला. सरिताबाईला वाटलं पोरगी रडते. नाही. कुकरची शिट्टी उडायच्या आधी वाफ जशी आधी बारीक फुसफुसते, तसं काहीतरी नाकातून निघालं, आणि मग प्रेरणा हसली. एकदाच, पण मोकळी, पोटातून. त्या दीडशे माणसांच्या शांततेत ते हसू एखादं भांडं पडावं तसं वाजलं.

दूतभाऊंच्या ओठांवरचं हसू होतं तिथंच राहिलं. डोळ्यांतलं तेवढं गेलं. "मांडवात कोण हसलं?"

सगळ्यांनी पाहिलेलं.

"कोण हसलं?"

पहिल्या ओळीतून मोनालीनं, मान वर न करता, एक बोट उचललं. प्रेरणाच्या दिशेनं.

"मी," प्रेरणा म्हणाली.

"गुडघ्यावर."

ती गुडघ्यावर बसली. आईचा हात तिनं सोडला नव्हता, म्हणून सरिताबाईलाही वाकावं लागलं. दूतभाऊंनी वही हातात घेतली, पण उघडली नाही. आवाज अजून मऊच. "थट्टा करणारे येतील, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. आज ते आले. प्रेरणा, तुझ्या या एका हसण्यानं तुझा बाप मागं ढकलला गेला. चाळीस दिवस गेले. आता पुन्हा पहिल्या दिवसापासून."

सरिताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शब्द दिला होता. तिनं राग गिळला, आणि उरला तो नुसता प्रश्न.

"भाऊ, मी भांडत नाई, इचारून राह्यली. आपला येशू वधस्तंभावर होता. हाताले खिळे, पायाले खिळे. तशात बी त्यानं खाली उभ्या मायले पाह्यलं, अन् आपल्या चेल्याच्या घरी तिची सोय लावली. मायचा हात त्यानं तेव्हा बी नाई सोडला. मंग या पोरीले सोडाले लावाची तुमाले एवढी घाई काऊन?"

दूतभाऊ तिच्याकडं बघेनात. ते प्रेरणाकडं बघत होते. प्रेरणाही त्यांच्याकडं बघत होती, कपाळाला आठी घालून, प्रयोगशाळेत काचेखाली काही न जुळणारं दिसावं तशी.

"हसल्यामुळं?" ती म्हणाली. "पप्पा हसल्यामुळं मागं गेले?"

"हो."

"पण भाऊ, पप्पा इथं असते तर तेच सगळ्यात आधी हसले असते. बाकावरून पडले असते." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही त्यांना बघितलं म्हणालात ना? वाटेत? मग ते हसतात कसे, ते तुम्हाला माहीत असेल."

मांडवात एक लेकरू खोकलं. दूतभाऊंनी वही उघडली. एक पान उलटलं, मग दुसरं. काही शोधल्यासारखं. प्रेरणा ती पानं उलटताना बघत होती.

मग ती उठली. "मला पाणी प्यायचं आहे," एवढंच म्हणाली, आणि आईचा हात धरून मांडवातून चालू लागली. मागून माईकवर मऊ आवाज आला, "जाऊ द्या. जो जातो तो आपल्याला मेलेला." दीडशे माणसांनी एकाच वेळी तोंडं फिरवली. मोनालीनंही.

कवडूनं तोवर कुठून तरी पाण्याची बाटली पैदा केली होती. प्रेरणानं ती उभ्यानं, गळ्यावर ओघळ येईतो रिती केली. टोपलीतले मोबाईल शोधून तिघंही ऑटोत बसली. पुढं दोघांची जागा, त्यात तिघं. बोरचं वळण मागं पडलं. मग प्रेरणा अशी काही उसळली, की कवडूचा ऑटो रस्त्याच्या कडेला गेला.

"तू मुद्दाम केलं आई! भर मांडवात! मले लाज आनली!"

"नाई व माय. देवाशपथ, मी तं मान देल्ला."

"मान? धूळ झाडी म्हने! असा मान असते काय? अन् दोन दोन वेळा म्हनाची काय गरज होती?"

"कोनी हसलं नाई, मले वाटलं ऐकू नाई आलं."

कवडू मधे पडला. "पोरी, पहिलीपेक्षा दुसरी चांगली होती."

"तू गप ना, कवडूकाका!"

सरिताबाई शिव्या खात होती आणि तिला त्या साखरेसारख्या लागत होत्या. सेलूपर्यंत भांडण पुरलं. त्यानंतर प्रेरणा रडायला लागली. मोनाली तिथंच राहिली म्हणून. बोट तिनं दाखवलं तरी तिच्यावर राग येत नाही म्हणून. सरिताबाई म्हणाली, "तिचा नंबर हाये ना? रोज एकदा जेवली काय इचारत जाजो. उत्तर नाई आलं तरी." मग आणखी पुढं गेल्यावर, कापसाच्या गाड्यांना वाट देत ऑटो उभा असताना, प्रेरणा हळूच म्हणाली, "आई, पन भाऊ म्हनाले ते खरं असलं तं? मी आले, अन् पप्पा तिथंच अडकले असतील तं?"

सरिताबाईनं तिचा हात आपल्या हातात घेतला.

सोमवारी संध्याकाळी पाळकसाहेब आले. हातात मोबाईल नव्हता, पुस्तकही नव्हतं. प्रेरणा भिंतीला टेकून बसली होती. तिनं त्यांना बसा म्हणायच्या आधीच विचारलं.

"पप्पा कुठं आहेत? गोड बोलू नका. गोड बोललात तर मी उठून जाईन."

प्रभाकरराव खाली, सतरंजीवर बसले. तास तास बोलणारा माणूस. पण त्या दिवशी शब्द जणू विहिरीत खोल गेलेले, आणि ते एकेक बादली ओढत होते.

"मला माहीत नाही, बाळा."

प्रेरणा भिंतीपासून सरळ झाली.

"तू मातीच्या दिवशी विचारलंस तेव्हाही माहीत नव्हतं. ते सांगायची मला लाज वाटली, म्हणून चहा घे म्हणालो. त्याबद्दल माफी मागायला आलो. शांतवनराव ज्याच्या हातात आहेत, त्याला मी ओळखतो. त्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत. तुझ्या उपासाच्या दोरीला त्यानं तुझ्या बापाला टांगून ठेवलं असेल, असं मला त्याच्याबद्दल वाटत नाही. त्यानं जे करायचं ते स्वतः केलंय, तुझ्यावर टाकलेलं नाही. एवढा माझा विश्वास. पण मी तिकडं जाऊन पाहून आलेलो नाही."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"नाही."

दारात सरिताबाई उभी होती, हाताला मेथीची माती. तिला वाटलं, झालं, आता उठेल ही, पिशवी भरेल. प्रेरणा उठली नाही. सतरंजीचा निघालेला एक धागा ती बोटाला गुंडाळत राहिली, उलगडत राहिली.

"भाऊंनी मला एका सेकंदात सांगितलं होतं," ती म्हणाली. "वाटेत आहेत म्हणून. विचारही केला नाही. तेव्हा वहीसुद्धा उघडली नव्हती." धागा तुटला. "आई, त्यायले बी माहीत नव्हतं व."

पाळकसाहेबांनी मान हलवली नाही, हो म्हटलं नाही, लक्षण कितवं तेही सांगितलं नाही.

"मले पप्पाची आठवन येते," प्रेरणा म्हणाली.

दीड वर्षात हे ती पहिल्यांदा म्हणत होती. एवढे दिवस बाप तिच्यासाठी एक काम होऊन बसला होता. पुरं करायचं, चुकू द्यायचं नाही असं. आठवायला सवडच मिळाली नव्हती. सरिताबाईनं हात पदराला पुसले, मातीसकट लेकीजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "सांग. काय काय आठवते?"